टेक हाऊसमध्ये सुरात मिक्स कसं करायचं: लायब्ररीपासून फेडरपर्यंत सगळं

दोन ट्रॅकचे बीपीएम (मिनिटातले ठोके) जुळलेत, किकवर किक (मोठ्या ड्रमचा ठोका) बसलीये, ड्रॉपही (किक आणि बेस एकदम परत येतात ती जागा) बरोबर जागेवर पडलाय, तरी मधली वीस-तीस सेकंद कानाला काहीतरी टोचत राहतं आणि नेमकं काय ते सांगता येत नाही. बहुतेक वेळा ती भानगड सुराची असते. टेक हाऊस वाजवणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसलाय की हे सगळं ड्रम्सचं काम, यात की (ट्रॅकचा सा आणि त्याची मेजर-मायनर सुरावट) कशाला बघायची, ती बघायची मेलोडिक आणि ट्रान्सवाल्यांनी. मला हे अजिबात पटत नाही. टेक हाऊसमध्ये सूर कमी असतात म्हणूनच ते उघडे पडतात. दोन-तीन सुरांची एकच बेसलाइन सहा मिनिटं फिरत राहते आणि किकनंतर सगळ्यात मोठा आवाज तिचाच असतो. १९९० च्या दशकात लंडनमध्ये हाऊसची लय आणि टेक्नोचा कोरडेपणा एकत्र करून हा प्रकार उभा राहिला, तेव्हापासून तो असाच कमी सामानात चालतो. लपायला जागाच नाही. एकावर एक कॉर्ड असलेल्या ट्रॅकमध्ये एखादा सूर इकडेतिकडे झाला तर पचून जातो, इथे नाही पचत.

म्हणून माझी पद्धत अशी, की आधी बेसचा सा जुळवायचा आणि मग कॅमेलॉट व्हील म्हणजे कीच्या चाकावरचे आकडे बघायचे. लोक नेमकं उलटं करतात. आकडे हिरवे दिसले, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते की जुळली, की ढकलून देतात, आणि मग खटकलं की चाकाला दोष देतात.

घोडबंदरला सोसायटीतल्या खोलीत छोट्या कंट्रोलरवर प्रॅक्टिस चालू आहे किंवा वाशी-बेलापूरकडच्या एखाद्या लाउंजला वॉर्म-अपचा स्लॉट मिळायला लागलाय, अशांना डोळ्यापुढे ठेवून लिहितोय. उदाहरणं रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरची देतो, पण सेराटो किंवा ट्रॅक्टर वापरत असाल तरी काम तेच आहे.

चाक म्हणजे काय ते पेटीवर समजून घ्या

कॅमेलॉट व्हील मार्क डेव्हिस यांनी बनवलं आणि मिक्स्ड इन की या सॉफ्टवेअरमुळे ते जगभर पोचलं. घड्याळासारखे १ ते १२ आकडे, प्रत्येकाला ए आणि बी. ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. मूळ गोष्ट पाश्चात्त्य संगीतातल्या सर्कल ऑफ फिफ्थ्सची आहे, पण आपल्याकडे ज्याच्या घरात कुणी भजनाला पेटी धरतं त्याला हे वेगळं शिकायची गरजच नाही. आकडा एकने वाढला की आधीच्या ट्रॅकचा पंचम हा नव्या ट्रॅकचा सा होतो, आणि एकने कमी झाला की आधीचा मध्यम नवा सा होतो. एवढंच आहे ते. ८ए म्हणजे ए मायनर, पांढरी सहा. तिचा प म्हणजे पांढरी तीन, ते झालं ९ए. तिचा म म्हणजे पांढरी दोन, ते झालं ७ए. षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम भाव आपल्या कानाला लहानपणापासून गोड लागतात, तानपुऱ्यात तेच लावलेलं असतं.

टेक हाऊसमध्ये जास्त करून मायनर ट्रॅकच हातात येतात, त्यामुळे ही यादी कुठेतरी लिहून ठेवा:

पांढरी एक म्हणजे ५ए, काळी एक १२ए, पांढरी दोन ७ए, काळी दोन २ए, पांढरी तीन ९ए, पांढरी चार ४ए, काळी तीन ११ए, पांढरी पाच ६ए, काळी चार १ए, पांढरी सहा ८ए, काळी पाच ३ए, पांढरी सात १०ए.

शेजारच्या आकड्यांमध्ये सातपैकी सहा सूर सारखे असतात, फक्त एक बदलतो. ८ए आणि ९ए मध्ये एफचा एफ शार्प होतो, बाकी सगळं तसंच. ८ए आणि ८बी मध्ये तर सातही सूर तेच, फक्त सा बदलतो, ए मायनरचा सी मेजर होतो.

ट्रॅक्टरवाल्यांना एक सांगायचं राहिलं. तुमच्याकडे ओपन की पद्धत दिसते, तिथे ए मायनरला १एम म्हणतात. ओपन कीच्या आकड्यात सात मिळवले की कॅमेलॉटचा आकडा येतो, बाराच्या वर गेला तर बारा वजा करा. मित्राकडून पेनड्राइव्ह घेताना दोन पद्धती एकत्र झाल्या की वाट लागते, तेव्हा आधीच ठरवून टाका कुठली वापरायची.

लायब्ररीचं काम, कंटाळवाणं पण टाळू नका

फाइल चांगली घ्या. ३२० केबीपीएस एमपी३ तरी पाहिजे, शक्य असेल तर डब्ल्यूएव्ही किंवा एआयएफएफ. व्हिडिओवरून उतरवलेल्या फाइलचा बेस मोठ्या सिस्टिमवर फुसका वाटतो आणि की लॉक (स्पीड बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) लावला की अजून बिघडतो. रेकॉर्डबॉक्समध्ये ट्रॅक टाकताना अ‍ॅनालिसिसमध्ये की वर टिक आहे ना बघा, की दाखवायची पद्धत आकड्यांची ठेवा, आणि बीटग्रिड (ट्रॅकवर आखलेल्या ठोक्यांच्या रेघा) नजरेखालून घाला, पहिल्या किकवर १ आहे का, मध्येच ग्रिड सरकतेय का. ग्रिड चुकली तर पुढचा सगळा लेख वाया.

आता महत्त्वाचं. सॉफ्टवेअरने लिहिलेली की हा अंदाज असतो. बीटपोर्ट या ट्रॅक विकणाऱ्या साइटवर एक लिहिलेली असते, रेकॉर्डबॉक्स दुसरीच सांगतो, आणि टेक हाऊसमध्ये हे जास्त होतं कारण सॉफ्टवेअरला पकडायला सूरच थोडे मिळतात. बेस एकाच सुरावर ठोके देतोय, वर एक बोललेलं वाक्य, बाकी हॅट्स आणि क्लॅप, यातून मेजर की मायनर हे माणसालाही ठरवता येत नाही तर मशीनला कुठून येणार. मग ते कधी सा ऐवजी प ला सा समजतं, कधी मेजर-मायनरची अदलाबदल करतं.

बेसचा सा कानाने काढा

ट्रॅकचा असा भाग शोधा जिथे बेस आहे आणि वोकल नाही, साधारण पहिल्या ड्रॉपनंतरचे ८ बार (एक बार म्हणजे चार ठोके). तेवढ्याचा लूप लावा. हेडफोन लावा, लॅपटॉपच्या स्पीकरवर हा बेस ऐकूच येत नाही. मग मोबाइलवरच्या कीबोर्ड अ‍ॅपवर किंवा घरच्या पेटीवर एकेक सूर दाबून बघा. जो सूर दाबल्यावर काहीच वेगळं ऐकू येत नाही, नुसतं ट्रॅकमध्ये विरघळून जातं, तो सा. शेजारचा सूर दाबलात तर लगेच थरथर ऐकू येईल. पेटी वापरणार असाल तर एकदा ट्यूनर अ‍ॅप लावून तपासा, जुन्या पेट्या थोड्या वर-खाली असतात, आणि ट्रॅक जवळपास सगळे ए ४४० हर्ट्झवर बनवलेले असतात.

सुरुवातीला एका ट्रॅकला पाच-सात मिनिटं जातील. नंतर गाणं लागताच तोंडात सा येतो.

यात एक खूप कामाची गोष्ट सापडते. बऱ्याच टेक हाऊस बेसलाइन सा वरून लगेच कोमल रे वर जाऊन परत येतात, तो जो काळसर, धमकावणारा आवाज येतो ना, तो त्या कोमल रे चा. म्हणजे आपल्या भैरवीचे सूर, तिकडे त्याला फ्रिजियन म्हणतात. चाक फक्त साधा मायनर ओळखतं, म्हणजे आसावरी थाट. आता ए वर भैरवीचे सूर वाजत असतील तर ते सूर डी मायनरशी जुळतात, मग सॉफ्टवेअर ७ए लिहून टाकतं, आणि तुम्ही ७ए बघून तिच्यावर ६ए चा ट्रॅक टाकता. खरा सा तर पांढरी सहा आहे, आणि ६ए चा सा पांढरी पाच, दोन बेस एकाच स्वराच्या अंतरावर घासायला लागतात. आकडा हिरवा, कान लाल. अशा ट्रॅकला मी कॉमेंटमध्ये लिहितो: ‘सा पांढरी ६, कोमल रे’. आणि त्याच्याबरोबर ८ए किंवा ७ए च घेतो, त्याच्या पलीकडे जात नाही. काफीसारखे म्हणजे शुद्ध धैवत लागणारे ट्रॅकही असतात, थोडे फंकी, जुन्या डिस्कोच्या वळणाचे, ते उलट्या दिशेला फसवतात. ए वरचा असा ट्रॅक ९ए म्हणून दिसतो.

कॉमेंटमध्ये अजून दोन गोष्टी टाका, वोकल कुठे सुरू होतं आणि इंट्रोमध्ये पहिला सूर कितव्या बारला येतो. हा दुसरा आकडा सेटमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. तिथे एक हॉट क्यू (बटण दाबताच त्याच जागी उडी मारणारी खूण) ठेवून द्या, मी त्याला कायम एकच रंग देतो म्हणजे अंधारात नुसतं बटण बघून कळतं की सूर इथून लागणार.

कुठून कुठे जायचं

सेम आकडा ते सेम आकडा, सगळ्यात सुरक्षित. पण चार-पाच ट्रॅक त्याच सा वर राहिलात की कान मरतो, लोकांना कळत नाही काय झालं पण नाचणं सैल पडतं. एक वर किंवा एक खाली, हे रोजचं. माझ्या कानाला एक वर गेलं की खोली थोडी उजळल्यासारखी वाटते आणि एक खाली गेलं की बसकण येते, वॉर्म-अपला खाली जाणं छान लागतं. ए वरून त्याच आकड्याच्या बी वर जाणं कागदावर बरोबर आहे, पण टेक हाऊसमध्ये जपून, कारण सूर तेच असले तरी सा तीन सेमीटोन वर जातो आणि बेस अचानक खुशीत आल्यासारखा वाटतो. कधी कधी तेच पाहिजे असतं, सूर्यास्ताच्या वेळच्या टेरेस पार्टीला मी मुद्दाम करतो.

दोन आकडे वर जाणं म्हणजे सा एक पूर्ण स्वर वर. सात आकडे वर म्हणजे एक सेमीटोन वर, ८ए वरून ३ए. हे दोन्ही उडी मारायचे प्रकार आहेत, यात लांब मिक्स करायचाच नाही. ब्रेकडाउनच्या शेवटी, सगळं थांबलेलं असताना, नवीन ड्रॉप धाडकन आणायचा. अंगावर काटा येतो, पण रात्रीतून एकदा किंवा दोनदाच.

स्पीड बदलला की सूरही हलतो

मास्टर टेम्पो म्हणजे की लॉक बंद असेल तर स्पीड एक टक्का वाढला की सूर साधारण १७ सेंट वर जातो. १०० सेंट म्हणजे एक सेमीटोन. १२६ चा ट्रॅक १२८ ला वाजवलात तर सूर २७ सेंट वर, म्हणजे पाव सेमीटोनच्या वर सरकला. १२४ चा १२८ ला नेलात तर ५५ सेंट, अर्ध्या सेमीटोनच्याही पलीकडे, तो ट्रॅक आता कुठल्याच कीमध्ये नाही. त्यामुळे हार्मोनिक म्हणजे सुरात मिक्सिंग करायचं तर की लॉक चालू पाहिजे. टेक हाऊस बहुतेक १२४ ते १३० मध्येच असतं, तेवढ्या फरकाला की लॉकने आवाज फारसा बिघडत नाही. पाच-सहा टक्क्यांच्या पुढे गेलात तर किकचा कडकपणा जातो, तो मऊ पडतो.

की शिफ्टही (ट्रॅकचा सूर वर-खाली करायची सोय) आता बऱ्याच कंट्रोलरवर आहे, सीडीजे-३००० वर तर की सिंकचं बटणच आहे. एक सेमीटोन वर-खाली चालतं. दोन म्हणजे नाइलाज. त्याच्या पुढे बेसचा पोत उघडउघड बदलतो.

एक मिक्स अगदी जवळून

समजा डेक एकवर ८ए वाजतंय, मूळ १२६ चं, आपण १२७ ला ठेवलंय. डेक दोनवर ९ए, मूळ १२८ चं, तेही १२७ ला आणलं. दोघांचाही बेसचा सा आपण कानाने काढलाय, पहिल्याचा पांढरी सहा, दुसऱ्याचा पांढरी तीन. १२७ ला एक बार सुमारे १.९ सेकंदांचा, म्हणजे १६ बार म्हणजे अर्धा मिनिट आणि ३२ बार म्हणजे एक मिनिट. हे एक मिनिटच आपलं आहे.

डेक एकचा शेवटचा ड्रॉप संपत आलाय, वोकल गेलंय, बेस अजून चालू आहे. नवीन फ्रेजच्या (आठ-सोळा बारच्या तुकड्याच्या) १ वर डेक दोन सोडा. त्याचा लो (खालचे, बेसचे आवाज) पूर्ण बंद, मिडचं (मधले आवाज) बटण दहा वाजताच्या जागेवर, हाय (वरचे) थोडा कमी. पहिले १६ बार डेक दोनमध्ये नुसते ड्रम्स आहेत, इथे सुराचा प्रश्नच नाही, फेडर निवांत वर आणा. हे १६ बार जिवाला शांत करणारे असतात, घाई करू नका, फक्त दोन्ही क्लॅप एकावर एक बसतायत ना तेवढं ऐका.

सतराव्या बारला डेक दोनमध्ये स्टॅब (तुटक वाजणारा छोटा कॉर्ड) येतो, ई मायनरचा, म्हणजे ई, जी आणि बी. आणि खाली डेक एकचा बेस ए वर आहे. परीक्षा ती इथे. ए च्या वर ई, जी, बी म्हणजे सा च्या वर प, कोमल नी आणि शुद्ध रे. छान मोकळं, थोडं जाझसारखं लागतं, कुणालाही खटकत नाही. म्हणूनच ८ए वर ९ए इतकं आरामात बसतं. आता तोच स्टॅब ७ए चा असता तर डी, एफ, ए, तोही चालतो, फक्त हवेत लटकल्यासारखा वाटतो, लवकर बेस बदलावा असं वाटायला लागतं. आणि ३ए चा असता तर त्यात ए शार्प आला, बेसच्या ए ला सेमीटोनने चिकटून. दोन सेकंदात टोचेल.

या सोळा बारमध्ये डेक दोनचा मिड हळूहळू बारा वाजेपर्यंत आणा आणि डेक एकचा मिड तेवढाच खाली घ्या. दोन्ही मिड पूर्ण उघडे कधीच नकोत.

तेहतिसाव्या बारच्या १ वर लो ची अदलाबदल. डेक एकचा लो बंद, डेक दोनचा उघडा, एकाच हालचालीत, दोन हातांनी. दोन बेस एकाच वेळी नकोत, एकाच कीमध्ये असले तरी नकोत. सारख्या सुराच्या दोन लाटा उलट्या पडल्या की एकमेकींना खातात आणि डान्स फ्लोअरवरून बेस गायब होतो, आणि वेगळ्या सुराच्या असल्या तर नुसता घोंघाट. काही मिक्सरवर, उदाहरणार्थ डीजेएम-९०० नेक्सस २ वर, इक्वलायझर मोडमध्ये लो पूर्ण खाली केला तरी तो २६ डीबीच कमी होतो, थोडासा बेस शिल्लक राहतो. मोठ्या आवाजात तो जाणवतो. आयसोलेटर मोडला टाकलात तर पूर्ण जातो, पहिल्यांदा बूथमध्ये उभे राहिलात की हा स्विच बघून घ्या.

बेस बदलला की आपण ९ए मध्ये आलो. डेक एकचं जे काही वर उरलंय, हॅट्स, एखादा पॅड (लांब धरलेले सूर), ते पुढच्या आठ ते सोळा बारमध्ये हाय-पास फिल्टर (खालचे आवाज कापणारा) लावून उडवा. त्यात सूर उरला असेल तर आठ, नुसते हॅट्स असतील तर सोळा. फक्त पॅडचा लांबलेला इको सोडू नका, त्या इकोमध्ये जुना सा अडकलेला असतो आणि नवीन बेसवर तो चार बार तरंगत राहतो.

हेडफोनमध्ये हे आधी ऐकायचं असेल तर क्यू मिक्स (हेडफोनमध्ये चालू आणि येणारा ट्रॅक किती-किती ऐकू यावा ते ठरवणारं बटण) मधोमध ठेवा, आणि येणाऱ्या ट्रॅकचा स्टॅब असलेला भाग चालू बेसवर ऐकून बघा, दोन-तीन बार पुरतात. खटकला तर ट्रॅक बदला. आकडा काय सांगतोय ते तेव्हा विसरा.

वोकल, आणि हळदीला येणारी फर्माइश

दोन वोकल एकावर एक नकोत हे सगळ्यांना माहितीये. सुराचं मात्र लक्षात राहत नाही. बोललेलं वाक्य असेल, नुसतं पुटपुटणं, तर ते कुठल्याही कीवर बसतं, तिथे मोकळे आहात. गायलेली ओळ असेल तर तिचा सा बेसच्या सा शी जुळलाच पाहिजे.

आपल्या भागात याचा कस लागतो तो हळदीला. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, सगळीकडे आगरी-कोळी गावं शहराच्या मधोमध आहेत, आणि तिथल्या हळदीला तुम्ही कितीही छान टेक हाऊस वाजवा, गाणी मागितली जाणारच आणि मागावीत, त्यांच्या घरचा कार्यक्रम आहे. मी तर म्हणतो हीच खरी संधी आहे. ओळखीच्या गाण्याची एक ओळ टेक हाऊसच्या बेसवर नीट सुरात बसली की जो आवाज उठतो तो दुसऱ्या कशाने उठत नाही.

ते करायचं कसं? बरीच कोळीगीतं सहा मात्रांच्या झुलत्या चालीत असतात, ती पूर्ण गाणी चारच्या किकवर ताणून बसवू नका, मोडतोड होते. एखादी मोकळी गायलेली ओळ, हाक, किंवा सुरुवातीचा आलाप घ्या, स्टेम्सने (गाण्यातला गळा आणि वाद्यं वेगळी करणारी सोय) आवाज वेगळा काढा, आणि किक नसलेल्या ब्रेकडाउनवर ठेवा. त्याआधी पेटीवर त्या ओळीचा सा काढा. समजा तो काळी एक निघाला आणि तुमचा ट्रॅक पांढरी दोनवर आहे, तर ओळ एक सेमीटोन वर शिफ्ट करा. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये अजून एक अडचण, सा पूर्ण काळी एकवरही नसतो आणि पांढरी दोनवरही नसतो, मधेच कुठेतरी असतो, कारण तेव्हा वाद्यं आणि टेपचा स्पीड आजच्यासारखे ४४० ला बांधलेले नव्हते. तिथे सेमीटोनचं बटण कामाचं नाही. घरीच एखाद्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सेंट्समध्ये पिच हलवून, टेम्पो तोच ठेवून, वेगळी फाइल करून ठेवा. कार्यक्रमात हे जमणार नाही, तयारी आधीच पाहिजे.

उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री दहाला स्पीकर बंद, सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर. म्हणजे सेटचा कळस साडेनऊच्या आत यायला हवा, आणि ती दोन आकड्यांची किंवा सेमीटोनची उडी त्याच्यासाठी राखून ठेवायची.

स्पीकर बघून की निवडा

याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा सांगतो. बेसचा सा म्हणजे शेवटी एक फ्रिक्वेन्सी. ई म्हणजे ४१ हर्ट्झ, एफ ४४, जी ४९, ए ५५, सी ६५. क्लबमध्ये सब (फक्त खालच्या बेसचे स्पीकर) असतात, तिथे एफ छातीत घुसतो. पण सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये किंवा छोट्या हॉलमध्ये भाड्याचे बारा-पंधरा इंची टॉप असतात, वेगळे सब नसतात, आणि ५० हर्ट्झच्या खाली ते जवळपास हात वर करतात. तिथे ४ए आणि ९ए चे ट्रॅक, ज्यांचा बेस एकदम खालच्या सप्तकात आहे, ते पोकळ वाटतात, नुसती किकची टकटक उरते. अशा जागी मी ८ए, ३ए, ५ए च्या आजूबाजूला राहतो, किंवा ज्यांच्या बेसमध्ये वरचं सप्तकही आहे असे ट्रॅक काढतो.

उलट बाजू म्हणजे कमी उंचीचे बेसमेंटमधले हॉल. तिथे एखादाच सूर प्रचंड घुमतो, खोलीच्या मापामुळे. साउंडचेकला एक ए, एक जी, एक एफ असे तीन ट्रॅक लावून हॉलभर फिरा. कुठला घुमतोय ते कळलं की त्या सा चे ट्रॅक लागोपाठ नको, आणि आलाच तर लो थोडा कमी.

काहीच जुळत नसेल तर

फर्माइश आली, किंवा लोकांचा मूड बदलला आणि आत्ताच ११ए पाहिजे, आणि आपण ५ए वर आहोत. समोरासमोरच्या की आहेत या, सगळ्यात लांबच्या. घाबरायचं कारण नाही. चालू ट्रॅकच्या आउट्रोमधले नुसत्या ड्रम्सचे ४ किंवा ८ बार लूप करा, आत एकही सूर नाही याची खात्री करा, टॉम आणि काँगा यांनाही सूर असतो हे लक्षात ठेवा, आणि काही किकची शेपटीही सुरात असते, तेव्हा लूपचा लो काढून टाका. त्या लूपवर नवीन ट्रॅकचा ड्रमवाला इंट्रो आणा. आठ-सोळा बार सूर नसलेलं अंतर मिळालं की कान जुना सा विसरतो, मग नवीन बेस कुठलाही चालतो. नॉइजचा रायझर (हळूहळू वाढत जाणारा आवाज) मदतीला घ्या, पण सुरात चढणारा रायझर नको, तो कुठल्या तरी एका कीचीच बाजू घेतो.

रेकॉर्ड करा आणि ट्रेनमध्ये ऐका

प्रत्येक प्रॅक्टिस सेट रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी-पनवेलकडे जाणाऱ्यांना रोज हा वेळ फुकट मिळतो. गर्दीच्या आवाजात बेस कमी ऐकू येतो म्हणून कान झाकणारे हेडफोन घ्या, कानात घालायच्या स्वस्त इअरफोनवर सा ओळखता येत नाही. वेव्हफॉर्म समोर नसतो, चाक समोर नसतं, म्हणून कान खरं बोलतो. जिथे खटकलं तिथली वेळ मोबाइलमध्ये टिपा, नुसतं ‘२३:४०’ एवढं पुरतं. घरी आलात की ते दोन ट्रॅक काढा आणि बघा की कुठलं घडलं: सॉफ्टवेअरची की चुकली होती, दोन बेस एकत्र आले होते, का मिडमध्ये दोन स्टॅब भांडत होते. पहिलं असेल तर ट्रॅकची की तिथल्या तिथे बदलून कॉमेंटमध्ये खरा सा लिहा. दुसरं असेल तर लो ची अदलाबदल कितव्या बारला करायची तो क्यू आठ बार आधी सरकवा. तिसरं असेल तर पहिल्या ट्रॅकमध्ये सूर संपतो तिथे अजून एक हॉट क्यू ठेवा, आणि पुढच्या वेळी नवीन ट्रॅक तिथूनच सोडा.